जखमेसाठी जिलेटिनचे नॅनोकण: बिघडतं पहिल्या तासात, दिसतं तिसऱ्या दिवशी

जखमेत औषध पोचवणारे जिलेटिनचे नॅनोकण बनवायची कृती कागदावर जेमतेम आठ ओळींची आहे. विरघळवा, ॲसिटोन ओता, साका ठेवा, पुन्हा विरघळवा, पीएच खाली आणा, थेंबथेंब ॲसिटोन सोडा, क्रॉसलिंक करा (म्हणजे साखळ्या एकमेकींना रासायनिकरीत्या बांधा), धुवा. मी ती पहिल्यांदा केली तेव्हा दुपारपर्यंत बीकरमध्ये सुरेख निळसर, दुधाळ द्रव तयार होता. तिसऱ्या दिवशी धुऊन झाल्यावर ट्यूबच्या तळाशी नुसत्या पांढऱ्या कण्या उरल्या. मोजायला यंत्रही लागलं नाही, डोळ्यांनीच दिसत होत्या. मी आधी सेंट्रिफ्यूजला दोष दिला, मग सॉनिकेटरला (ध्वनिलहरींनी गोळे फोडणारं यंत्र). चूक झाली होती पहिल्या दिवशी, बाटली उघडण्याआधीच. हे कण पुढे कुठल्या पीएचमध्ये राहणार आहेत, हा प्रश्नच मी स्वतःला विचारला नव्हता.

म्हणून इथे उलट्या टोकापासून सुरुवात करते. आधी जखम, मग जिलेटिन, मग बीकर.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. हे प्रयोगशाळेतलं काम आहे, फ्यूम हूडखाली (वाफ खेचून घेणाऱ्या कपाटात) करायचं. इथे तयार होणारा द्रव पेशींवर तपासण्यासाठी आहे. कुणाच्याही जखमेवर लावण्यासाठी नाही, स्वतःच्याही नाही.

जखम काय मागते

धडधाकट त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो, पीएच साधारण ४ ते ६. महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमेत तो ७ च्या वर सरकतो, कधी ९ च्या जवळही जातो. तिथून पाझरणाऱ्या स्रावात सोडियम आणि कॅल्शियम असतं, प्रथिनं असतात आणि प्रथिनं कापणारी एन्झाइम्सही भरपूर असतात. त्यातली दोन आपल्या कामाची: एमएमपी-२ आणि एमएमपी-९ (एमएमपी म्हणजे मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज). या जोडीचं दुसरं नावच जिलेटिनेज, म्हणजे जिलेटिन कापणारी. रेंगाळलेल्या जखमेत ती गरजेपेक्षा जास्त असतात आणि नव्या ऊतीचा सांगाडा बांधला जाण्याआधीच तोडत राहतात.

जिलेटिन निवडण्याचं खरं कारण हेच. जिथे आजार जास्त तिथे कण लवकर कापला जातो आणि औषध सुटतं. स्वस्त, विघटनशील वगैरे गुण आहेतच, पण ते इतर डझनभर पॉलिमरांतही सापडतील. शिवाय जिलेटिन म्हणजे उलगडलेलं कोलॅजनच असल्यामुळे पेशींना चिकटायला लागणारे क्रम त्यात आयते मिळतात.

आता बाटलीकडे. जिलेटिन दोन प्रकारचं मिळतं. टाइप ए आम्लाच्या प्रक्रियेने काढलेलं, बहुतेकदा डुकराच्या कातडीपासून. त्याचा समविभव बिंदू ७ ते ९. टाइप बी अल्कलीच्या प्रक्रियेने, बहुतेकदा गोवंशीय हाडं-कातडीपासून. त्याचा समविभव बिंदू ५ च्या आसपास. समविभव बिंदू म्हणजे ज्या पीएचला रेणूवरचा एकूण भार शून्य होतो तो. भार शून्य झाला की कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारं काही उरत नाही आणि ते गोळा होतात.

टाइप ए चा समविभव बिंदू नेमका जखमेच्या पीएचवर येऊन बसतो. क्रॉसलिंकिंगमध्ये अमाइन गट (साखळीवरचे धनभार धरणारे नायट्रोजनचे गट) खर्ची पडतात, त्यामुळे तो थोडा खाली सरकतो हे खरं, पण त्या भरवशावर मी राहणार नाही. टाइप बी चे कण पीएच ७.५ ला ऋणभारित असतात आणि सुटे राहतात. शिवाय धनभारित प्रथिनं त्यांना आपोआप धरून बसतात. बेसिक फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायला लावणारं प्रथिन) हे त्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण, समविभव बिंदू ९.६ च्या घरात. यासुहिको ताबाता आणि योशितो इकादा यांनी आम्लधर्मी (म्हणजे टाइप बी सारख्या, कमी समविभव बिंदूच्या) जिलेटिनच्या हायड्रोजेलमध्ये हा घटक असाच विद्युतभाराच्या ओढीने धरून ठेवला आणि जेल विरघळेल तसा सोडला. पुढची कृती म्हणून टाइप बी ची आहे. तुमचं औषध ऋणभारित असेल तर मात्र सगळं गणित पुन्हा मांडा.

लेबलवर तीन गोष्टी बघा: टाइप, ब्लूम आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या भिंतीतून आलेलं, दाह घडवणारं विष). ब्लूम म्हणजे ६.६७ टक्के जेल १० अंशांवर किती ताठ होतं त्याचं माप. टाइप बी मध्ये २२५ च्या आसपासचं घ्या. ब्लूम कमी म्हणजे साखळ्या आखूड, आणि आखूड साखळ्यांशी आपलं वैर का आहे ते पुढे येईलच. एंडोटॉक्सिनकडे दुर्लक्ष करणारे पुष्कळ आहेत. साध्या जिलेटिनमध्ये ते खूप असू शकतं, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने ते जात नाही, आणि मग पेशींमध्ये दाह दिसला की तो कणांमुळे की कच्च्या मालामुळे हे सांगता येत नाही. पेशींवर जायचं असेल तर पहिल्या बॅचपासूनच कमी एंडोटॉक्सिनचं जिलेटिन घ्या.

मांडामांड

१.२५ ग्रॅम जिलेटिन, १०० मिलि ॲसिटोन, पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल, २५ टक्के ग्लुटाराल्डिहाइड (हा क्रॉसलिंकर), ग्लायसिन (अमिनो आम्ल), ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारा बफर), ट्रेहॅलोज (एक साखर). उपकरणांत तापमान धरून ठेवणारा मॅग्नेटिक स्टरर, पीएच मीटर, सिरिंज पंप (नसेल तर ब्युरेट), रोटरी इव्हॅपोरेटर (कमी दाबाखाली विद्रावक उडवणारं यंत्र) आणि १६,००० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या १६,००० पट) फिरणारा सेंट्रिफ्यूज.

ॲसिटोनबद्दल जरा सावकाश बोलते. ते ५६ अंशांवर उकळतं आणि त्याची वाफ शून्याखाली २० अंशांवरही पेट घेऊ शकते. हूडमध्ये ठिणगी पडू शकेल असा जुनाट हॉटप्लेट नको. नायट्राइलचे हातमोजे ॲसिटोनपुढे फार वेळ टिकत नाहीत. उडालं तर लगेच बदला, जास्त हाताळणी असेल तर ब्युटाइल रबरचे घाला. नळ्या काच किंवा पॉलिप्रॉपिलीनच्याच. मी एकदा घाईत पॉलिकार्बोनेटच्या नळ्या घेतल्या होत्या. पाच मिनिटांत त्या धुरकट झाल्या, अंगभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. फिरवायच्या आधी लक्षात आलं म्हणून रोटर वाचला.

पायरी १: आधी फुगवा, मग तापवा

२५ मिलि थंड पाण्यात जिलेटिन पसरून टाका आणि अर्धा तास हात लावू नका. कण पाणी पिऊन काचेसारखे पारदर्शक होतात. मग ४५ ते ५० अंशांवर हलकं ढवळा. दहा-पंधरा मिनिटांत नितळ, फिकट पिवळं द्रावण होतं. थेट गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात, बाहेरून चिकट आणि आत कोरड्या. त्या फोडायला आपण तापमान आणि वेळ वाढवतो, आणि त्यात साखळ्या तुटतात. ६० च्या वर नेऊ नका. दुपारी उरलेलं द्रावण रात्रभर ४५ अंशांवर ठेवून सकाळी वापरणं हेही तसलंच.

पायरी २: साका ठेवा, निवळ फेका

जिलेटिनचे कण विद्रावक काढून घेऊन पाडायची पद्धत मार्टी, ओपेनहाइम आणि स्पायझर यांनी १९७८ मध्ये मांडली. पण बॅच दरवेळी वेगळी निघायची, गोळे व्हायचे. २००० मध्ये कोएस्टर आणि सहकाऱ्यांनी त्यात एक पायरी वाढवली, आणि आज बहुतेक जण तीच दोन टप्प्यांची पद्धत वापरतात. वाढवलेली पायरी म्हणजे ही.

जिलेटिन हा एक रेणू नाही, ती वेगवेगळ्या लांबीच्या साखळ्यांची खिचडी आहे. कोलॅजनची एक अख्खी अल्फा साखळी १ लाख डाल्टनच्या आसपास. त्याच्या दुप्पट-तिप्पट जोडलेल्याही असतात आणि तुटके, आखूड तुकडेही. ॲसिटोन घातलं की लांब साखळ्या आधी खाली बसतात, आखूड वर राहतात. या आखूड साखळ्या पुढे धड कणात शिरत नाहीत. कणांच्या मधे लोंबत राहतात आणि क्रॉसलिंकर आला की एका कणाला दुसऱ्याशी बांधतात.

करायचं असं. स्टरर बंद करून कोमट द्रावणात २५ मिलि ॲसिटोन एकदम ओता. इथे थेंबथेंब नाही. दोनदा गोल फिरवा. द्रव पांढरा पडतो आणि तळाशी डिंकासारखा चिकट साका बसायला लागतो. एक-दोन मिनिटांत वरचं गढूळ द्रव ओतून द्या.

ही वेळ महत्त्वाची. ‘सगळं नीट बसू दे’ म्हणून अर्धा तास थांबलात तर आखूड साखळ्याही खाली येतात, साका रबरासारखा घट्ट होतो आणि या पायरीचा उपयोगच संपतो. वाया जाणारं जिलेटिन बघून नवख्या माणसाचा जीव तुटतो. माझाही तुटायचा. आमच्या मॅडम बीकर हातातून घेऊन स्वतः ओतायच्या आणि म्हणायच्या, “जे जातंय ते जाऊ दे गं, ते ठेवलंस तर तेच तुझी बॅच खाईल.”

पण त्यामुळे एक अडचण उभी राहते: आता बीकरमध्ये जिलेटिन नेमकं किती उरलं? पुष्कळ जण १.२५ ग्रॅमच धरून पुढे जातात. तसं करू नका. साका २५ मिलि पाण्यात ४० अंशांवर विरघळवा, त्यातलं १ मिलि तोललेल्या डबीत घेऊन १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. आकडा दुसऱ्या दिवशी मिळेल, त्या बॅचला त्याचा उपयोग नाही. पण तीन बॅचमध्ये तुमच्या हाताला साधारण किती उरतं ते कळतं. पुढचं सगळं गणित त्यावर आहे.

पायरी ३: पीएच एकाच दिशेने

साक्याचं द्रावण ४० अंशांवर ठेवून हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २.५ वर आणा. इथे सगळ्या साखळ्या धनभारित होतात आणि एकमेकींना ढकलतात. कण जन्मताना लहान आणि सुटे राहतात ते यामुळे.

आम्ल जास्त पडून पीएच २ पर्यंत उतरला तर सोडियम हायड्रॉक्साइडने परत आणायचा मोह होतो. आवरा. आम्ल आणि अल्कली मिळून मीठ तयार होतं, मीठ भार झाकून टाकतं, आणि मग पीएच मीटरवर आकडा बरोबर असूनही कण गोळा होतात. २.३ झालं तर तसंच पुढे जा. फारच घसरलं तर नवीन घ्या. मीटरचं तापमान कॉम्पेन्सेशन चालू आहे ना बघा, आणि काम झाल्यावर इलेक्ट्रोड कोमट पाण्याने धुवा. त्यावर जिलेटिनचा पापुद्रा बसला की पुढचे आठ दिवस तो खोटं बोलतो.

पायरी ४: ॲसिटोनची पंचवीस मिनिटं

६०० आरपीएमला ढवळत, ४० अंशांवर, ७५ मिलि ॲसिटोन मिनिटाला ३ मिलिच्या वेगाने सोडा. म्हणजे पंचवीस मिनिटं. ५० अंशांवर करणारेही आहेत, पण तिथून ॲसिटोनचा उत्कलनबिंदू सहा अंशांवर आहे. जितकं घालतो त्यातलं किती बीकरमध्ये राहिलं हे कळेनासं होतं. भांड्यावर पॅराफिल्म (ताणून बसवायची मेणचट पट्टी) नको. काचेचं झाकण किंवा फॉइल लावा, नळीपुरतं भोक ठेवून.

या वेळात दुसरं काम काढू नका. बीकरच्या मागे काळा कागद ठेवा आणि बघत बसा. पहिली दहा-बारा मिनिटं काहीच होत नाही. ॲसिटोनचा थेंब पडतो तिथे पांढरा धागा उमटतो आणि विरतो. मग धागा विरायला वेळ लागू लागतो. मग एका क्षणी सगळं द्रव किंचित निळसर होतं, काळ्या कागदासमोर धुक्यासारखं. टॉर्च आरपार धरली तर पलीकडून प्रकाश नारिंगी दिसतो. कण आले. पुढे निळसरपणा दुधाळ होत जातो, तोवर ठीक. दुधाळ रंग खडूसारखा मेला की मात्र थांबा, कण वाढत चाललेत. काचेवर बारीक रवाळ थर दिसला तर ॲसिटोन लगेच बंद, मग ७५ मिलि पुरे झालं असो वा नसो. ७५ हा आकडा तुमच्या जिलेटिनला माहीत नसतो. काही लॉटला ६५ पुरतं. निळसरपणा किती मिलिला आला ते वहीत लिहा. मला विचाराल तर अख्ख्या वहीतला सगळ्यांत उपयोगी आकडा तोच: एकाच लॉटला तो दरवेळी जवळपास तिथेच येतो, आणि पाच-सहा मिलिने हलला तर पायरी २ मध्ये काहीतरी वेगळं झालंय.

पायरी ५: क्रॉसलिंक

आत्ता जे कण आहेत ते फक्त ॲसिटोनच्या भीतीने एकत्र बसलेत. पाणी मिळालं की विरघळतील. त्यांना आतून बांधायचं.

२५ टक्के ग्लुटाराल्डिहाइडच्या १ मिलिमध्ये २.१ मिलि पाणी घालून साधारण ८ टक्के करा. त्यातलं ४०० मायक्रोलिटर थेंबाथेंबाने सोडा, ढवळणं चालू ठेवून. हिशोब असा: १ ग्रॅम जिलेटिनमध्ये मोकळे अमाइन गट सुमारे ०.३ मिलिमोल. साक्यात ०.६ ग्रॅम उरलं असेल तर ०.१८ मिलिमोल. ८ टक्क्यांचं ४०० मायक्रोलिटर म्हणजे ३२ मिलिग्रॅम ग्लुटाराल्डिहाइड, ०.३२ मिलिमोल, आणि प्रत्येक रेणूला दोन टोकं. म्हणजे हातात मुबलक जादा आहे. जादा लागतंच, कारण इतक्या आम्ल द्रावणात अमाइन गट प्रोटॉन धरून बसलेले असतात आणि प्रतिक्रिया सुस्त चालते. बारा तास, रात्रभर ढवळत ठेवा. तापवणं बंद केलं तरी चालेल. सकाळी द्रवाला पिवळसर झाक असते.

२००, ३०० आणि ४०० मायक्रोलिटर अशा तीन बॅच करून बघा. बांधणी जितकी घट्ट तितका एमएमपीला कण कापायला वेळ. ‘जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं’ हा हिशोब इथे चालत नाही; जखमेत कधीच न सुटणारं औषध नसल्यासारखंच.

ग्लुटाराल्डिहाइड विषारी आहे, श्वासात आणि कातडीवरही. ते टाळायचं म्हणून जेनिपिन हा दुसरा क्रॉसलिंकर वापरतात. ते सौम्य आहे, पण फार सावकाश चालतं आणि कण गडद निळे होतात. कागदावर ही बारीकसारीक गोष्ट वाटते. जखम बघणारी नर्स मात्र आधी रंग बघते, आणि काही जिवाणूंच्या संसर्गात स्राव खरोखरच निळा-हिरवा होतो. निळा कण तिथे गोंधळ घालेल. ईडीसी-एनएचएस हा तिसरा रस्ता: तो कार्बोक्सिल आणि अमाइन यांना थेट जोडतो, मधे स्वतः राहत नाही. पण त्याला पीएच ५ च्या आसपास लागतो, म्हणजे टाइप बी च्या नेमक्या समविभव बिंदूवर. शिकताना ग्लुटाराल्डिहाइडच घ्या आणि नीट धुवायला शिका.

क्रॉसलिंक झालं का, हे बघायला यंत्र लागत नाही. अर्धा मिलि घ्या, दहापट पाण्यात टाका, ४० अंशांवर तासभर ठेवा. दुधाळपणा राहिला तर झालं. नितळ झालं तर कण विरघळले, पुन्हा पहिल्यापासून.

पायरी ६: धुणं, आणि माझ्या कण्या

आधी रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांवर ॲसिटोन काढून टाका. ॲसिटोन भरलेल्या नळ्या साध्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणं म्हणजे बंद पेटीत वाफ आणि मोटर एकत्र ठेवणं. मग १६,००० जी ला २० मिनिटं. जी आणि आरपीएम यांत गल्लत करू नका: रोटरची त्रिज्या ८ सेंमी असेल तर १६,००० जी म्हणजे सुमारे १३,४०० आरपीएम.

आता ती सुरुवातीची चूक. कण पीएच २.५ ला बनले, धनभारित. मी ते साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुतले. हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन अशा पाण्याचा पीएच साडेपाच-सहाच्या आसपास असतो. प्रत्येक धुण्याला आम्ल थोडं कमी होत होतं, पीएच हळूहळू वर चढत होता, आणि तिसऱ्या धुण्याला माझे टाइप बी चे कण बरोबर ५ च्या दारात भार शून्य होऊन उभे होते. वर सेंट्रिफ्यूजने त्यांना एकमेकांवर दाबलं.

ते दार उडी मारून ओलांडायचं. पहिला पेलेट (नळीच्या तळाशी बसलेला गोळा) थेट १०० मिलिमोलर ग्लायसिनच्या, पीएच ८ केलेल्या द्रावणात टाका आणि लगेच जोरात व्होर्टेक्स करा (यंत्रावर नळी घुसळा), मग बाथ सॉनिकेटरमध्ये दोन-तीन मिनिटं. कण एका झटक्यात ऋण बाजूला जातात. ग्लायसिन दुसरंही काम करतं: उरलेल्या अल्डिहाइडच्या मोकळ्या टोकांना ते स्वतःचं अमाइन देऊन गप्प करतं, आणि पीएच ८ ला ते काम जास्त बरं होतं. तासभर ढवळा. मग १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८, यात तीनदा धुवा. शेवटच्या धुण्याचं पाणी शिफच्या अभिकर्मकाने तपासा; जांभळा-गुलाबी रंग आला तर अल्डिहाइड अजून आहे, आणखी धुवा.

फॉस्फेट बफर का नको? दोन कारणं. जखमेच्या स्रावातलं कॅल्शियम फॉस्फेटबरोबर साका धरतं. आणि सोडियम फॉस्फेट गोठवलं की त्यातला एक क्षार आधी स्फटिक होतो, पीएच ४ च्या दिशेने कोसळतो, आणि आपले कण गोठता गोठता परत त्याच दारातून जातात.

पायरी ७: मोजणी

डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजायची पद्धत) १५० ते ३०० नॅनोमीटर आणि पॉलिडिस्पर्सिटी इंडेक्स (आकार किती कमीजास्त आहेत त्याचं माप) ०.२ च्या आत आला तर बॅच ठेवण्यासारखी. ०.१ च्या आत आला तर त्या दिवसाची वही जपून ठेवा. पण एवढ्यावर थांबू नका. हीच मोजणी जखमेच्या स्रावाची नक्कल करणाऱ्या द्रावणात करा: लिटरभर पाण्यात सोडियम क्लोराइड ८.३ ग्रॅम आणि कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.३७ ग्रॅम. पट्ट्यांच्या शोषणक्षमतेच्या चाचणीत हेच वापरतात. त्यात ३२ अंशांवर (त्वचेचा पृष्ठभाग शरीराच्या आतल्यापेक्षा थंड असतो) शून्य, चार आणि चोवीस तासांनी आकार बघा. शुद्ध पाण्यातला देखणा आकडा मिठात कोसळलेला मी अनेकदा पाहिलाय.

पायरी ८: औषध भरणं

औषध आधीच जिलेटिनमध्ये मिसळावं की कण तयार झाल्यावर भरावं? औषधात प्राथमिक अमाइन असेल, जसं जेंटामायसिनमध्ये किंवा कुठल्याही प्रथिनात, तर नंतरच. नाहीतर ग्लुटाराल्डिहाइड त्यालाही कणाला कायमचं बांधून टाकेल, आणि कागदावर मात्र भरणक्षमता उत्तम दिसेल.

ग्रोथ फॅक्टर महाग असतो. हात बसेपर्यंत लायसोझाइम वापरा: १४.३ किलोडाल्टन, समविभव बिंदू ११ च्या आसपास, म्हणजे आकाराने आणि भाराने बरंच जवळचं. शिवाय जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन नसतं आणि टायरोसिनही नावापुरतं, त्यामुळे २८० नॅनोमीटरला लायसोझाइम जिलेटिनच्या गर्दीतही वाचता येतं. बीसीए चाचणी (प्रथिन मोजायची नेहमीची पद्धत) इथे फसवते, ती जिलेटिनही मोजते.

२० मिलिग्रॅम कण, २ मिलिग्रॅम लायसोझाइम, १० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८. चार अंशांवर रात्रभर हलवत ठेवा, सेंट्रिफ्यूज करा, निवळातलं मोजा. निवळात ०.५ मिलिग्रॅम सापडलं तर १.५ कणांत गेलं: पकड ७५ टक्के, आणि कणाच्या एकूण वजनात औषध सुमारे ७ टक्के. मिठाविना धरलेली ही पकड जखमेच्या खारट स्रावात सैल पडते, म्हणून पहिल्या तासाची गळती वेगळी नोंदवा. सुटलेलं प्रथिन जिवंत आहे का हेही बघा: मायक्रोकॉकस जिवाणूच्या पेशींचा गढूळपणा ४५० नॅनोमीटरला किती वेगाने उतरतो त्यावरून लायसोझाइमची क्रिया कळते.

सोडण्याची चाचणी दोन नळ्यांत करा, एकीत नुसता स्राव-द्रव, दुसरीत एन्झाइम. एमएमपी-९ ला कॅल्शियम आणि जस्त लागतं, म्हणून ट्रिसमध्ये ५ ते १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. महागाईमुळे बरेच जण क्लॉस्ट्रिडियम जिवाणूचं कोलॅजिनेज वापरतात. आपसांतल्या बॅचची तुलना करायला ते चालेल. पण ते माणसाच्या एमएमपीपेक्षा कितीतरी जास्त ठिकाणी कापतं; त्यावरून ‘जखमेत इतक्या तासांत सुटेल’ असं वाक्य लिहू नका.

साठवण आणि निर्जंतुकीकरण

द्रवरूपात ४ अंशांवर थोडेच दिवस. त्यापुढे फ्रीझ ड्राय (गोठवून वाळवणं): ५ टक्के ट्रेहॅलोज घालून. मॅनिटॉल स्फटिक होतं आणि कणांना चिरडतं, ते नको. परत पाण्यात टाकल्यावर आकार आधीच्या १.३ पटीपेक्षा जास्त झाला तर ट्रेहॅलोज वाढवा.

ऑटोक्लेव्ह (दाबाखालची गरम वाफ) प्रथिन मारतो. २०० नॅनोमीटरचा कण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जाणार नाही, फिल्टर तुंबेल. गॅमा किरणं साखळ्या तोडतातही आणि नव्याने बांधतातही. राहतो एकच रस्ता: प्रत्येक घटक आधी गाळायचा, कोमट जिलेटिन साध्या फिल्टरमधून आणि ॲसिटोन पीटीएफईमधून (टेफ्लॉनच्या फिल्टरमधून), आणि पुढचं सगळं निर्जंतुक हूडमध्ये. कंटाळवाणं आहे, पण पर्याय नाही.

पेशींवर

एल९२९ फायब्रोब्लास्ट (उंदराच्या पेशी), आयएसओ १०९९३-५ या पेशींवरच्या विषारीपणाच्या चाचणीच्या मानकाप्रमाणे. जिवंत पेशींचं प्रमाण नियंत्रणाच्या (तुलनेच्या नमुन्याच्या) ७० टक्क्यांखाली गेलं तर नमुना विषारी धरतात. तीन नियंत्रणं ठेवा: रिकामे कण, नुसतं औषध, आणि तुमच्या शेवटच्या धुण्याचं पाणी. तिसरं कुणी ठेवत नाही, आणि अल्डिहाइडचा पत्ता नेमका तिथेच लागतो. जेनिपिन वापरलं असेल तर एमटीटी चाचणी (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी) करण्याआधी पेशी नसलेल्या खड्ड्यांत नुसते कण घालून ५७० नॅनोमीटरला वाचन घ्या; त्याचा निळा रंग तिथेच शोषतो आणि मेलेल्या पेशीही जिवंत असल्यासारख्या मोजल्या जातात.